बेडरूममधला वाद्यवृंद

यंदाच्या अंकाचा विषय ‘घरातले कारखाने’ असा ठरला, तेव्हा फराळ, पणत्या, आकाशकंदील आणि शिलाई ही खाती इतरांनी आधीच पटकावली होती. माझ्या वाट्याला गाणं आलं. घरात गाणं यात नवल काय, पेटी-तबला तर घरोघरी होताच, असं कुणी म्हणेल. पण संपादकांना रियाज नको होता, उत्पादन हवं होतं. मंडळाचं गणपतीचं गाणं, मालिकेचं शीर्षकगीत, उमेदवाराच्या प्रचाराचं गाणं, एकांकिकेचं पार्श्वसंगीत, १४ एप्रिलसाठीचं भीमगीत, शाळेच्या गॅदरिंगचा कराओके ट्रॅक... महाराष्ट्रात वर्षभर जे वाजत असतं, त्यातलं बरंचसं आज दहा बाय बाराच्या खोल्यांत तयार होतं. आणि त्या गाण्यांत ऐकू येणारी बहुतेक वाद्यं त्या खोलीत कधी आलेलीच नसतात.

पुण्याच्या धायरीत एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर असा एक कारखाना आहे. चालवणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे. पूर्वी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे, आता ‘प्रोग्रॅमर’ म्हणून ओळखले जातात. या धंद्यात प्रोग्रॅमर म्हणजे संगणकातली वाद्यं वाजवून गाण्याचा सगळा साज उभा करणारा माणूस. नाव छापू नका म्हणाले. बोलण्यात दराच्या आणि क्रॅक सॉफ्टवेअरच्या गोष्टी निघणार हे त्यांना ठाऊक होतं.

आषाढ चालू होता, म्हणजे यांचा गणपतीचा सीझन. मंडळाचे दोन कार्यकर्ते आणि गीतकार पलंगाच्या कडेवर दाटीने बसले होते. भिंतींना काळा फोम, खिडकीवर रजई. पंखा बंद, कारण माइक चालू. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “कुकर लावू का?” उत्तर गेलं, “पाच मिनिटं थांब, टेक चाललाय.” टेक झाला, कुकर लागला आणि मागण्यांची यादी सुरू झाली. “दादा, ढोल-ताशा तर पाहिजेच. पण मागं ते बाहुबलीसारखं भव्य येऊ द्या.”

दादांनी एक पॅच, म्हणजे संगणकातला तयार आवाज, उघडला, डाव्या हाताने दोन सूर धरले आणि खोलीत व्हायोलिनांचा ताफा उभा राहिला. कार्यकर्ते खूश. मग अंतऱ्यासाठी ढोलकी लावली. चार ओळी ऐकून त्यातला धाकटा अवघडत म्हणाला, “वाजतंय बरोबर, पण ढोलकी वाटत नाही हो.” परक्या मातीतली व्हायोलिनं अर्ध्या मिनिटात मान्य झाली होती. ढोलकीला मात्र पुढचा पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात ते नेमकं काय करत होते, हे समजून घेण्यासाठी मी पुढे बरीच फिरले.

## हुकूम आणि आवाज

की-बोर्डची पट्टी दाबली की त्यातून आवाज निघत नाही, हे आधी पचवावं लागतं. तारेतून संगणकाकडे जातो तो हुकूम: अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली, या क्षणी सोडली. या हुकुमांच्या भाषेचं नाव मिडी. १९८३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात एका अमेरिकी कंपनीचा सिंथेसायझर जपानी रोलंड कंपनीच्या सिंथेसायझरला जोडून दाखवला गेला. एकावर वाजवलं की दुसरा बोलला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली, ती आज चाळीस वर्षांनंतरही चालू आहे. तिच्यात जोर मोजायला १ ते १२७ असे आकडे आहेत. त्याला ‘व्हेलॉसिटी’ म्हणतात. दादांच्या तोंडी हा शब्द दर दोन मिनिटांनी येतो.

हुकूम पाळणारं वाद्य पूर्वी लोखंडी पेटाऱ्यात असायचं. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली. तिच्यामुळे प्रतिध्वनी वगैरेंची यंत्रं सॉफ्टवेअर होऊन संगणकात बसली. १९९९ मध्ये वाद्यंही बसली. तेव्हापासून वाद्य ही हार्ड डिस्कवरची एक फाइल झाली.

ती वाजवताना पहिली अडचण येते वेळेची. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी तयार करतो आणि तुकडा पुरा झाल्याशिवाय स्पीकरकडे सोडत नाही. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाचे ४४,१०० नमुने या हिशोबाने १,०२४ नमुन्यांचा बफर ठेवला तर निव्वळ त्यापायी २३ मिलिसेकंद उशीर होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जवळजवळ आठ मीटर जातो. म्हणजे बोट इथे आणि तबला हॉलच्या पलीकडच्या टोकाला. बफर १२८वर आणला तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण संगणकाची दमछाक होऊन आवाज तडकायला लागतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमर दिवसभर हा आकडा वरखाली करत असतो: वाजवताना लहान, मिक्स करताना मोठा.

ढोलकी वाजवायला दादा की-बोर्डऐवजी ऑक्टापॅड ओढून घेतात. रोलंडने १९८५ साली बाजारात आणलेलं, काठीने बडवायचं हे आठ चौकोनांचं यंत्र महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांत आणि बेंजो पार्ट्यांत इतकं मुरलं आहे की ते परदेशी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे त्याचा स्वतःचा आवाज बंद असतो. ते फक्त हुकूम पाठवतं. “ढोलकी पट्ट्या दाबून वाजवली की टायपिंग केल्यासारखी येते,” दादा म्हणाले. “काठी उचलावी लागते, त्यात वेळ जातो, तोच वेळ गाण्याला लागतो.”

## एक ‘ना’ किती वेळा?

संगणकातल्या वाद्यांच्या मुख्य जाती दोन. पहिलीत खऱ्या वाद्याचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतात. त्यांना सॅम्पल म्हणतात. दुसरीत ध्वनिमुद्रण नसतंच. तार कशी थरथरते, लाकूड कसं गुंजतं याचं गणित मांडून आवाज जागच्या जागी घडवला जातो. फ्रान्समधल्या तुलूजचं पियानोटेक हे पियानोचं सॉफ्टवेअर या दुसऱ्या जातीचं. ते काही मेगाबाइटांत मावतं. सॅम्पलवाला पियानो मात्र जागा खातो. हिशोब करून बघा. ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी हळूपासून जोरात अशी दहा पायऱ्यांनी वाजवलेली, पेडल दाबून आणि न दाबता, तीन ठिकाणी ठेवलेल्या माइकांतून. ५,२८० ध्वनिमुद्रणं झाली, आणि मंद्रातला एकेक सूर विरायला अर्धा मिनिट घेतो. एवढा ऐवज संगणकाच्या मेमरीत मावणं एके काळी अशक्यच होतं. १९९८च्या गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने तोड काढली. प्रत्येक सुराची फक्त सुरुवात मेमरीत ठेवायची आणि ती वाजतेय तोवर उरलेला भाग डिस्कवरून ओढायचा. आज घरगुती स्टुडिओत जे काही भव्य ऐकू येतं, ते बहुतांशी या युक्तीवर उभं आहे.

तालवाद्याची अडचण वेगळी. दादांनी तबल्याचा ‘ना’ ओळीने आठ वेळा लावून दाखवला, एकच सॅम्पल. चौथ्या ठोक्यापासून ते शिलाई मशीन झालं. माणसाच्या हातून एकच बोल दोनदा तंतोतंत सारखा पडत नाही, आणि कानाला ते न सांगता कळतं. म्हणून चांगल्या संग्रहात तोच ‘ना’ त्याच जोराने पाच-सहा वेळा मुद्रित केलेला असतो आणि सॉफ्टवेअर दर वेळी त्यातला पुढचा उचलतं. याला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात.

तबला मात्र दादा की-बोर्डच्या पट्ट्यांवरच वाजवतात. बोलांच्या पट्ट्या ठरलेल्या असतात: खालच्या बाजूला बायाचे ‘गे’, ‘के’, वर दायाचे ‘ना’, ‘तिं’, ‘ते’, ‘टे’. ‘धा’ची तयार पट्टीही असते, पण दादा तिला हात लावत नाहीत. ते ‘ना’ आणि ‘गे’ दोन बोटांनी एकदम दाबतात. दोन बोटं कधीच अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, दोघांचा जोर वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येक ‘धा’ निराळा होतो. बायाची घुमार तर त्याहून अवघड, कारण तबलजी मनगटाने कातडं दाबतो ते थाप पडून गेल्यावर. तयार सॅम्पलमध्ये घुमार एकतर असते किंवा नसते. कमी-जास्त करायची तर थाप पडताच डाव्या हाताने सूर वाकवणारं पिच बेंडचं चाक फिरवायचं, आणि ते पुढच्या मात्रेच्या आत जागेवर आणायचं.

यानंतर वेळेचा खेळ. सॉफ्टवेअर एका मात्रेचे ४८० किंवा ९६० भाग करतं. मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर ४८०वा भाग साधारण एक मिलिसेकंदाचा झाला. ‘क्वांटाइझ’ हे बटण दाबलं की सगळे ठोके जवळच्या रेघेवर जाऊन बसतात. नवशिके ते दाबतात आणि थांबतात. मंडळाच्या गाण्यात दादांनी ताशा रेघेवर ठेवला आणि ढोलकीचे ठोके एकेक करून हलवले. सम जागेवर, समेच्या आधीचे दोन बोल किंचित पुढे धावणारे, मधले भरणीचे बोल जोराने निम्मे. १२७चा आकडा त्यांनी सबंध अंतऱ्यात एकदाच वापरला. शेवटी धाकटा कार्यकर्ता पाय हलवायला लागला तेव्हा त्यांनी हात थांबवला.

हे त्यांना कुठल्या मॅन्युअलने शिकवलं नव्हतं. ऑर्केस्ट्रात बारा वर्षं ते एका ढोलकीवाल्याच्या शेजारी बसून वाजवत होते.

## पेटीचं जुनं भांडण

पट्ट्यांच्या वाद्याने आपल्या संगीताचं काय होईल, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेला हार्मोनियम एकोणिसाव्या शतकातच इथे रुळला. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्यावर इतकं प्रभुत्व मिळवलं की लोक पेटी ऐकायला तिकीट काढू लागले. संगीत नाटकाने पेटी आणि ऑर्गन आपलेच मानले. पण आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. आक्षेप दोन होते: पेटीचे सूर समान अंतराने कापलेले, त्यामुळे श्रुती चुकतात, आणि दोन सुरांच्या मधून जाता येत नाही, म्हणजे मींड नाही.

पहिल्या आक्षेपावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी शतकापूर्वीच श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप केला होता. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. त्यासाठी पेटीच्या आतली रचनाच बदलावी लागते. सॉफ्टवेअर वाद्यात हे काम एका खिडकीत होतं. षड्जाशी पूर्ण जुळणारा शुद्ध गंधार पाश्चात्त्य पट्टीतल्या गंधारापेक्षा १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याने उतरलेला असतो. आकडा घाला, गंधार उतरला. देवलांना ज्यासाठी लंडनहून वाद्य बनवून घ्यावं लागलं, ते आता फुकट आणि क्षणात होतं.

तरीही ती खिडकी मला कुठल्याच घरगुती स्टुडिओत उघडलेली दिसली नाही. कारण विचारल्यावर दादांनी गंधार उतरवून त्यावर गिटारचा ट्रॅक लावला. दोन गंधार एकमेकांशी भांडायला लागले. व्हायोलिनांचा ताफा, पियानो, गिटार सगळे समान अंतराच्या पट्टीतले. एकाला सुधारायचं तर सगळ्यांना सुधारावं लागतं, आणि मग कॉर्ड बिघडतात. शिवाय गायकाचा आवाजही त्याच पट्टीवर ओढून बसवायचं सॉफ्टवेअर शेवटी लागणारच असतं. आकाशवाणीला पेटीची जी भीती वाटत होती, ती अशी वेगळ्याच वाटेने खरी झाली आहे. यंत्राला श्रुती जमतात. गाण्याच्या बाजारातली बाकीची मंडळी त्या मागत नाहीत.

मींडीचं मात्र अजून अडतं. पिच बेंडच्या चाकात १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणजे बारकाव्याला तोटा नाही. पण कारखान्यातून येताना ते चाक बहुधा दोन अर्ध्या सुरांपुरतंच वाकतं, आणि वाकतं तेव्हा वाजत असलेले सगळे सूर घेऊन वाकतं. सतारीची मींड ओढली की चिकारीच्या तारासुद्धा बरोबर घसरतात. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई नावाच्या पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र वाट मिळते, पण त्यासाठी वेगळा, महागडा की-बोर्ड लागतो. धायरीतला उपाय साधा आहे: चिकारी वेगळ्या ट्रॅकवर, मुख्य तार वेगळ्या ट्रॅकवर, आणि मींड जिथे गाण्याचा जीव आहे तिथे सतारिये बोलवायचे.

## नारायणगावची शाई

तबला, सतार, बासरी, संतूर यांचे संग्रह परदेशी कंपन्यांनीही केले आहेत. स्वित्झर्लंडच्या स्वर सिस्टीम्सचं स्वरप्लग तर फक्त भारतीय वाद्यांचंच आहे. पण हलगी, संबळ, दिमडी, चौंडकं, तुणतुणं शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. कंपनी तिथे खर्च करते जिथे जगभर गिऱ्हाईक आहे. त्यामुळे ज्याला जोगवा किंवा वाघ्या-मुरळीचं गाणं करायचं असतं, तो आपलं सॅम्पल आपणच बनवतो. या घरगुती संग्रहांची देवाणघेवाण पेन ड्राइव्हवरून चालते. कुणाचा संबळ कुणाच्या गाण्यात वाजतो याचा पत्ता राहत नाही.

असंच एक सॅम्पलिंग पाहायला मी दादांबरोबर नारायणगावला गेले. तमाशाचे फड इथे राहुट्या टाकतात, चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या इथे ठरतात. ज्यांच्याकडे गेलो ते साठीचे ढोलकीवादक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खोलीत गाद्या उभ्या केल्या, दोन माइक लावले: एक शाईच्या बाजूला, एक धुमाच्या.

“अण्णा, नुसता एक ठोका द्या. मग थांबा. पूर्ण विरला की दुसरा.”

अण्णांनी एक ठोका दिला आणि हात पुढे गेलाच. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला, ठोका दिला. आवाज आला तो निर्जीव. ढोलकीत ठोका एकटा नसतोच. आधीच्या बोलातून हात उडतो आणि पुढच्या बोलाकडे जाताना मधला पडून जातो. सुटा मागितला की हाताला तो आठवतच नाही. शेवटी तोड निघाली. अण्णांनी त्यांच्या पद्धतीने तुकडे वाजवायचे आणि बोल नंतर संगणकावर कापून काढायचे. कापलेल्या बोलात चाल टिकते, पण शेपटाला पुढच्या बोलाचा आवाज चिकटून येतो. म्हणून सुटे बोलही घ्यावे लागले. दोन्हींची मिसळ करून वाद्य बनवलं जातं.

स्वराचाही प्रश्न होता. गाणं काळी दोनमध्ये आहे म्हणून ढोलकीचं सॅम्पल तीन सूर वर चढवलं, तर शाईबरोबर लाकडाची घुमारही वर जाते आणि ढोलकी खेळण्यातली वाटायला लागते. म्हणून अण्णांनी नट आवळून तीन वेगवेगळ्या सुरांत ढोलकी लावली आणि सगळं पुन्हा वाजवलं. दुपार त्यातच गेली.

पैशांची बोलणी उघड्यावर झाली. एका बैठकीचे ठरलेले पैसे, वर जेवण आणि गाडीभाडं. यापुढे हा आवाज किती गाण्यांत वाजेल याला मोजमाप नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर मानधनाचा हक्क दिला. पण सुटा ठोका म्हणजे सादरीकरण का, हे विचारायला अण्णा कुणाकडे जाणार? दादांनी आपल्यापुरता एक नियम केला आहे. अण्णांची ढोलकी ज्या गाण्यात पुढे ऐकू येते, त्या गाण्याला निदान एक अंतरा अण्णांकडून लाइव्ह वाजवून घ्यायचा. अण्णांनी यावर मान डोलावली आणि विचारलं, “मग बाकीच्या अंतऱ्यांत कोण वाजवतंय म्हणायचं?” दादा हसले, पण उत्तर त्यांनी दिलं नाही.

## अठ्ठेचाळीस व्हायोलिनं

डोंबिवलीत भेटलेली मुलगी तेवीस वर्षांची, वास्तुकलेची विद्यार्थिनी. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत देते. स्टुडिओ म्हणजे तिच्या आजीच्या कपाटाशेजारचं टेबल, एक लॅपटॉप आणि हेडफोन. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर एकच, रीपर, कारण त्याचा वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा आहे. वाद्यं बहुतेक मोफत: लंडनच्या स्पिटफायर ऑडिओचे ‘लॅब्ज’ संग्रह आणि तशीच इतर. आधीच्या पिढीने महागडे संग्रह चोरून वापरले. ही मुलगी ते करत नाही. नीतीइतकंच सोयीचंही कारण आहे: क्रॅक सॉफ्टवेअर स्पर्धेच्या आदल्या रात्री बंद पडतं.

तिला वाद्यवृंद शिकवला तो सॉफ्टवेअरच्या मर्यादांनीच. व्हायोलिनांचं सॅम्पल हे बहुधा सबंध ताफ्याचं असतं, समजा सोळा वादकांचं. त्या पॅचवर तिने तीन सुरांचा कॉर्ड धरला, तेव्हा प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस व्हायोलिनं वाजली. ऐकायला जाडजूड आणि खोटं. खऱ्या ताफ्यात तीन सूर हवे असतील तर सोळा जण तिघांत वाटले जातात. हे कळल्यावर तिने प्रत्येक सुरासाठी लहान ताफ्याचा वेगळा ट्रॅक केला. पट्टी दाबून धरली की सूर सरळ रेषेत वाजत राहतो. गजाचा चढउतार हवा तर मॉड्युलेशनचं चाक फिरवावं लागतं. ते फिरलं की सॉफ्टवेअर हळू वाजवलेल्या सॅम्पलवरून जोरात वाजवलेल्यावर सरकतं. म्हणजे तिचा उजवा हात सूर धरतो आणि डावा हात गज ओढतो. बासरीच्या ओळीने तिला दुसरा धडा दिला. लिहिलेली ओळ तिने एका बासरीवादकाला पाठवली, तर त्याचा उलट प्रश्न आला, “यात मी श्वास कुठे घेऊ?” तेव्हापासून ती सॉफ्टवेअरच्या बासरीतही श्वासाच्या जागा सोडते.

मुंबईत ध्वनिमुद्रणाला साठ-सत्तर वादक बसायचे, त्या काळात डोंबिवलीतल्या विद्यार्थिनीला व्हायोलिनांचा ताफा आपली ओळ वाजवताना ऐकू येणं अशक्य होतं. लातूरच्या, नांदेडच्या मुलांनाही आज ते शक्य आहे, आणि ही काही लहान गोष्ट नाही. दुसरं टोकही मराठीच आहे. २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा मुद्रित केला. सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलिनं होतीच की. पण एका दालनात एकत्र बसलेली माणसं एकमेकांचं ऐकून वाजवतात, एकाचा गज उचलला जाताना दुसऱ्याचा थांबतो. प्रत्येक सूर वेगळा मुद्रित करून हे मिळत नाही.

## सगळं मशीनवर, एक लाइव्ह

यंत्रं मुंबईत बाहेरच्यांनी आणली नाहीत, वादकांनीच आणली. केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या अकॉर्डियनपासून तालवाद्यांपर्यंत सगळं वाजवणाऱ्या माणसाने सत्तरच्या दशकात सिंथेसायझर हाती घेतला. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं जोडून दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही, पण आता जगभरचे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले ती शोधून ऐकतात. पुढे ए. आर. रहमान यांनी चेन्नईतल्या घराच्या आवारातल्या स्टुडिओतून १९९२ साली ‘रोजा’ दिला. संगीतकाराने ध्वनिमुद्रणासाठी दालन भाड्याने घ्यायलाच हवं, हा समज त्यानंतर टिकला नाही.

आजचा घरगुती हिशोब एका ओळीत सांगता येतो: सगळं मशीनवर, एक वाद्य लाइव्ह. मंडळाच्या गाण्यात ती ढोलकी, भावगीतात बासरी, प्रेमगीतात गिटार. प्रोग्रॅमर हे पैसे वाचवायला करतात, पण त्यामागे कानाचं शास्त्रही आहे. पुढचं एक वाद्य श्वास घेतंय, चुकतमाकत सावरतंय असं कळलं की ऐकणारा मागच्या बाकी वाद्यांवर संशय घेत नाही. तो एक वादकही आता बहुधा स्टुडिओत येत नाही. २०२०च्या टाळेबंदीत बहुतेकांनी घरी माइक घेतला. ट्रॅक पाठवला जातो, रात्री वाजवलेली फाइल परत येते. सहा जणांचं गाणं सहा घरांत तयार होतं आणि ती सहा माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत.

## मागची रांग

सॉफ्टवेअरने वादकांचा रोजगार नेला, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण हिंडल्यावर मला जास्त सलली ती दुसरी गोष्ट. एकल वादकाला अजून काम आहे. संपली ती ताफ्यातली मागची रांग, जिथे फक्त साथ करायची आणि ऐकत राहायचं.

त्या रांगेने काय दिलं ते आठवून पाहा. गोव्याच्या माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटांत व्हायोलिन वाजवायचे आणि शिकवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेला प्यारेलाल नावाचा मुलगा पोरवयातच वाद्यवृंदात बसू लागला. मेंडोलिन वाजवणारा लक्ष्मीकांत तिथेच. दोघांनी इतरांच्या गाण्यांत वाजवता वाजवता संयोजन उचललं आणि पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल म्हणून स्वतः ताफे बसवले. ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव गाण्यात आलं, ते यामुळेच. आज मागची रांग हा एक पॅच आहे. त्यात सोळा व्हायोलिनं आहेत, पण शिकणारा पोरगा एकही नाही.

धायरीच्या दादांकडे जे ज्ञान आहे ते ढोलकीवाल्याच्या शेजारी बारा वर्षं बसून आलेलं. डोंबिवलीच्या मुलीला बासरीवाल्याच्या एका प्रश्नाने जे कळलं ते कुठल्याही संग्रहात नव्हतं. सॉफ्टवेअर वाद्य नीट वाजवायचं तर खरं वाद्य कसं वाजतं हे कुणाकडून तरी मिळवावं लागतं, आणि ज्यांच्याकडून मिळवायचं त्यांची पुढची फळी घडायची जागाच आपण घरी बसून बंद करत चाललो आहोत. दादांच्या पिढीपर्यंत ही उधारी चालून गेली. डोंबिवलीच्या पिढीनंतर ती कुणाकडून घ्यायची?

दादांनी या सीझनपासून एक सुरुवात केली आहे. अण्णांचा नातू अकरावीत आहे, ढोलकी बरी वाजवतो. सुट्टीच्या दिवशी तो धायरीला येतो आणि गाण्यातली ढोलकी ऑक्टापॅडवर तोच वाजवतो. आवाज आजोबांचा, हात नातवाचा. वाजवून झालं की तो उठत नाही. मिक्स होईपर्यंत थांबतो, मधेच विचारतो की इथे व्हायोलिनं का काढली, तिथे ताल अर्धा का केला. त्याला गाण्यामागे पैसे मिळतात. ते दादा स्वतःच्या वाट्यातून देतात, कारण मंडळ ‘प्रोग्रॅमिंग’ या एका खात्याचेच पैसे देतं आणि त्यात वाजवणाऱ्या हाताची वेगळी ओळ नसते. ती ओळ बिलात घालायची आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायची, असं दादांनी ठरवलं आहे. पुढच्या आषाढात किती मंडळं ती मान्य करतात, त्यावर अकरावीतला मुलगा बारावीनंतर काय करेल ते ठरेल.